अपघातप्रवण स्थळ ते अर्थसंकल्प : रस्ता सुरक्षेच्या कामांना निधी कसा मिळतो?



राहाता तालुक्याचा नकाशा समोर ठेवा. नगर–मनमाड रस्ता कोल्हारला प्रवरा नदी ओलांडून तालुक्यात येतो, बाभळेश्वरच्या चौकात लोणी आणि श्रीरामपूरकडे जाणारे रस्ते त्याला मिळतात, पुढे तो राहाता शहराच्या मधून शिर्डीला पोहोचतो आणि सावळीविहीरजवळ त्याचे दोन फाटे होतात. एक सिन्नर–नाशिककडे जातो, दुसरा कोपरगाव–येवल्यावरून मनमाडकडे. या एकाच रस्त्यावर परराज्यांतील मालमोटारी धावतात, साईभक्तांच्या आरामगाड्या धावतात, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात, लोणी–प्रवरानगरच्या शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले दुचाकीवरून ये-जा करतात. कडेला पेरूच्या पाट्या मांडलेल्या असतात आणि रामनवमीच्या सुमारास मुंबईहून पायी निघालेल्या पालख्या शिर्डीची वाट धरतात. इतक्या निरनिराळ्या वेगांची वाहने आणि माणसे एका डांबरी पट्ट्यावर आली की अपघात होतात, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. प्रश्न पुढचा आहे. एखाद्या फाट्यावर माणसे मरत असतील, तर तो फाटा सुधारण्याचा खर्च कोण करतो? आणि अशी शेकडो ठिकाणे असताना आधी कोणते, हे कोण ठरवतो?

शासनव्यवहाराची भाषा आणि शासनाची कार्यपद्धती यांचा संबंध समजून घेण्यासाठी हा विषय सोयीचा आहे. यात येणारे शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो; त्यांच्यामागची यंत्रणा मात्र सहसा नजरेआड राहते.

प्रश्नाचा आकार

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी महाराष्ट्रातील मृत्यू १५,२२४ होते. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांच्याखालोखाल हा तिसरा क्रमांक होता. या आकड्याला वर्षाच्या दिवसांनी भागले, तर राज्यात दररोज सरासरी ४१ हून अधिक माणसे रस्त्यावर मरण पावली असे दिसते. १३ जानेवारी २०२३ रोजी सिन्नर तालुक्यातील पाथरे येथे शिर्डीला निघालेल्या आरामबसचा आणि मालमोटारीचा अपघात होऊन १० जणांचा मृत्यू झाला. ती बातमी देशभर गेली. पण सरासरीच्या हिशेबाने तशा चार अपघातांइतके मृत्यू राज्यात रोज होत असतात. ते एकेकटे, निरनिराळ्या फाट्यांवर, बहुधा दुचाकीस्वारांचे आणि पादचाऱ्यांचे असतात. म्हणून ते बातमीच्या एका परिच्छेदात संपतात.

आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के आहे. २०२२ मधील मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू मात्र त्यांच्यावर झाले. म्हणजे धोका सर्वत्र सारखा पसरलेला नसतो, काही पट्ट्यांत तो एकवटलेला असतो. थोड्या ठिकाणी योग्य खर्च केला तर अनेक जीव वाचू शकतात, या विचाराचा आधार हाच आहे. प्राधान्यक्रम ठरवण्याची गरजही त्यातूनच निर्माण होते.

आधी मालक, मग पैसा

रस्त्यावरून जाणाऱ्याला रस्ता एकच दिसतो. शासनाच्या दप्तरात त्याचे वर्ग असतात: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. पहिल्या वर्गाचा खर्च केंद्र शासनाचा असतो, मग प्रत्यक्ष काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करो की राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखा करो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर शहरातील अंतर्गत रस्ते नगरपरिषदेकडे येतात. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ ही यातली आणखी एक मालक संस्था आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग बांधला, समृद्धी महामार्गही त्याचाच. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा मार्गांवरील खर्चाचा मोठा आधार पथकर असतो.

आता राहात्याचे उदाहरण घ्या. तालुक्यातून जाणारा नगर–शिर्डी–सिन्नर हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग १६० चा भाग आहे. पूर्वी तो राज्य मार्ग होता. एखाद्या खेड्यातून येणारा ग्रामीण मार्ग या महामार्गाला जिथे मिळतो, त्या फाट्यावर दोन मालक समोरासमोर उभे असतात. अपघात महामार्गावर होतो, पण त्याचे कारण पुष्कळदा जोडरस्त्याच्या उतारात, कोपऱ्यावरच्या झुडपात किंवा टपरीत असते. महामार्गाचा अभियंता जोडरस्त्यावर खर्च करू शकत नाही आणि जिल्हा परिषदेला महामार्गाच्या हद्दीत हात घालता येत नाही. रस्ता एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो, तेव्हा तर हस्तांतरणाच्या काळात साध्या दुरुस्तीवरूनही टोलवाटोलवी होते. गावकऱ्यांचे निवेदन तहसील कार्यालयातून तीन टेबले फिरून परत येते, यामागे दर वेळी कोणाची अनास्था असतेच असे नाही. पुष्कळदा ते निवेदन चुकीच्या मालकाच्या नावे लिहिलेले असते.

पैसा कोठून येतो?

श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात नवी दुचाकी नोंदवली, तिला एमएच १७ क्रमांक मिळाला, मोटार वाहन कर भरला आणि त्याबरोबर रस्ता सुरक्षा उपकरही भरला. मग आपला पैसा थेट रस्त्याकडे गेला अशी आपली समजूत होते. तसे होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचे कर आणि इतर महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात आणि तेथून एक रुपयाही विधिमंडळाने मंजूर केलेल्या विनियोजनाशिवाय काढता येत नाही. उपकर 'सुरक्षेसाठी' घेतला असला, तरी तो सुरक्षेवर खर्च व्हायचा तर प्रत्येक वर्षीच्या अर्थसंकल्पात तशी तरतूद व्हावी लागते. नागरिकाने भरलेली पावती आणि फाट्यावर उभा राहिलेला सूचनाफलक यांच्यामध्ये असा संपूर्ण अर्थसंकल्प उभा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले, तेव्हा निधीचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा ठरला. कोईमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसेकरन यांनी २०१२ मध्ये जनहित याचिका दाखल केली. २०१४ मध्ये न्यायालयाने रस्ता सुरक्षा समिती नेमली आणि ३० नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयात प्रत्येक राज्याला राज्य रस्ता सुरक्षा परिषद, एक प्रमुख यंत्रणा, जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या आणि स्वतंत्र रस्ता सुरक्षा निधी उभारण्याचे निर्देश दिले. वाहतूक नियमभंगाच्या दंडातील काही हिस्सा या निधीत जावा, अशी कल्पना होती. महाराष्ट्रात प्रमुख यंत्रणेची जबाबदारी परिवहन आयुक्तांच्या कार्यालयाकडे आहे. दंडाच्या पैशातून सुरक्षा, ही कल्पना न्याय्य वाटते. पण तिच्यात एक अडचण आहे. ई-चलनाने दंड आकारला जाणे वेगळे आणि तो वसूल होणे वेगळे. शिवाय लोक नियम जितके अधिक पाळतील, तितका हा निधी आटत जाईल. आपल्या यशाने रिकामी होणारी तिजोरी हा दीर्घकालीन कामांचा एकमेव आधार होऊ शकत नाही.

प्रत्यक्षात मोठी रक्कम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नेहमीच्या तरतुदींतून येते. अर्थसंकल्पात रस्ते व पूल यांचा महसुली खर्च, म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्ती, लेखाशीर्ष ३०५४ खाली दाखवतात, तर भांडवली खर्च, म्हणजे नवे बांधकाम आणि रुंदीकरण, लेखाशीर्ष ५०५४ खाली. सुरक्षेचे काम या दोहोंत विखुरलेले असते. पांढरे पट्टे रंगवणे देखभालीत जाते, उड्डाणपूल भांडवली खर्चात. याशिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने, जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी रक्कम मिळते. पेट्रोल आणि डिझेलवरील केंद्रीय उपकरातून उभ्या राहिलेल्या केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीचा काही भागही राज्यातील रस्त्यांसाठी येतो.

आधी कोणते ठिकाण?

येथे 'अपघातप्रवण स्थळ' हा शब्द येतो. इंग्रजीतील 'ब्लॅक स्पॉट' या शब्दाऐवजी मराठी शासनव्यवहारात तो रूढ झाला. 'प्रवण' म्हणजे उतरता, एखाद्या गोष्टीकडे कललेला. शब्द चांगला आहे, पण तो ऐकताना दोष त्या जागेच्या स्वभावात आहे असा भास होतो. जागेला स्वभाव नसतो. तिची वळणे, उतार आणि दुभाजकातील वाटा माणसांनी ठरवलेल्या असतात.

केंद्रीय मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी या शब्दाची व्याख्या ठरवून दिली. सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात, मागील तीन वर्षांत मिळून, मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात झाले असतील किंवा एकूण १० मृत्यू झाले असतील, तर तो पट्टा अपघातप्रवण समजावा. राज्यांच्या रस्त्यांसाठीही व्यवहारात हाच मापदंड वापरला जातो. कोणत्याही आमदाराच्या पत्रापेक्षा किंवा मोर्चाच्या आकारापेक्षा हा निकष वस्तुनिष्ठ आहे, आणि एवढ्यासाठीच तो मोलाचा आहे.

पण तो कसा चालतो ते दोन कल्पित उदाहरणांवरून पाहा. समजा, एका फाट्यावर तीन वर्षांत चार गंभीर अपघात झाले आणि त्यांत सहा माणसे गेली. हे ठिकाण यादीत येत नाही. अपघात पाच नाहीत, मृत्यू दहा नाहीत. दुसऱ्या फाट्यावर पाच अपघातांत पाच जणांना गंभीर दुखापत झाली, मृत्यू एकही नाही. ते ठिकाण यादीत येते. दुसरे ठिकाण यादीत येणे योग्यच आहे. पहिले वगळले जाणे मात्र त्या गावाला पटवून देता येईल का? त्या गावाने ऐकायचे उत्तर असे असते की अजून एक अपघात व्हायला हवा. मापदंडाची ही कठोरता विसरून चालत नाही: तो आधी झालेल्या मृत्यूंची मोजणी करतो. ठिकाण पात्र ठरण्यासाठी माणसांना आधी किंमत मोजावी लागते.

दुसरी अडचण नोंदीची. पाच हा आकडा पोलिसांच्या कागदावर पाच असला पाहिजे. पूर्वी पंचनाम्यात 'अमुक गावच्या शिवारात, महामार्गावर' एवढाच ठिकाणाचा उल्लेख असे. दोन किलोमीटरच्या शिवारात झालेले अपघात ५०० मीटरच्या कोणत्या पट्ट्यात बसवायचे, हे नंतर कोणालाच सांगता येत नसे. गाव मध्यस्थी करून प्रकरण मिटवी, तेव्हा तर नोंदच होत नसे. यावर उपाय म्हणून मद्रास येथील आयआयटी आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी 'आयरॅड' ही संगणकीय नोंदप्रणाली उभी केली. ती प्रथम ज्या सहा राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस अधिकारी घटनास्थळी मोबाइलवर नोंद करतो, तेव्हा जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. अपघाताची नोंद आता अंदाजपत्रकाचे पहिले पान झाली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मृत्यूंची वाट न पाहण्याचा मार्गही आहे. त्याला रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसने यासाठी मार्गदर्शिका केली आहे. प्रशिक्षित अभियंते दिवसा आणि रात्री रस्त्यावरून जाऊन कोठे दृष्टी अडते, कोठे कठडा अचानक संपतो, कोठे पादचाऱ्याला थांबायला जागा नाही, याची तपासणी करतात. आराखड्याच्या टप्प्यावरच हे केले, तर चूक कागदावर पुसता येते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम केले. उघडे पडलेले कठडे, खांब आणि कडा यांसारख्या शेकडो लहान दोषांवर उपाय झाले, थांबलेल्या वाहनांवर आणि मार्गिका तोडणाऱ्यांवर कारवाई वाढली. २०१६ मध्ये १५१ मृत्यू झालेल्या त्या मार्गावर पुढील काही वर्षांत हा आकडा शंभराच्या आत आला. त्यातील बहुतेक कामे उद्घाटनाची फीत कापण्याजोगी नव्हती. अशा कामांना पैसा उशिरा मिळण्याचे एक कारण, माझ्या मते, हेच आहे.

अल्पकालीन आणि दीर्घकालीन

एखादे ठिकाण यादीत आले की उपायांचे दोन भाग पडतात. सूचनाफलक, रंगपट्टे, रात्री चमकणारे कॅट आय, संरक्षक कठडे, दुभाजकातील अनधिकृत वाट बंद करणे ही अल्पकालीन कामे. ती देखभालीच्या तरतुदीतून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होऊ शकतात. भुयारी मार्ग, उड्डाणपूल, सेवा रस्ता, वळण सरळ करणे ही दीर्घकालीन. त्यांना सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, बहुधा भूसंपादन लागते. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यारंभ आदेश अशी साखळी सुरू होते. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम करण्यास आणि एवढा खर्च करण्यास हरकत नाही' असे शासनाने म्हणणे. तांत्रिक मंजुरी म्हणजे 'हा आराखडा आणि हे दर योग्य आहेत' असे सक्षम अभियंत्याने म्हणणे. वर्तमानपत्रात 'फाट्यावरील भुयारी मार्गाला मंजुरी' अशी बातमी येते, तेव्हा ती यांपैकी कोणती, हे पाहावे. पहिली मिळाल्यानंतरही काम अर्थसंकल्पात किंवा डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनातील पुरवणी मागण्यांत आले नाही, तर ते कागदावरच राहते.

या साखळीचा एक व्यावहारिक परिणाम पाहा. अपघातानंतर संतप्त गावकरी पहिली मागणी करतात ती गतिरोधकाची. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा अनुज्ञेय नाही, कारण वेगाने येणाऱ्या वाहनांना तो स्वतःच धोका ठरतो. अधिकारी नकार देतात, गावकऱ्यांना तो निष्ठुरपणा वाटतो. मात्र महामार्गाला मिळणाऱ्या जोडरस्त्यावर, फाट्याच्या अलीकडे, गतिरोधक घालता येतो आणि तो जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असल्याने स्वस्तात व लवकर होऊ शकतो. मागणी अशी मांडली, तर तिला नकार मिळण्याचे कारण उरत नाही. उसाच्या ट्रॉलीमागे लाल परावर्तक पट्टी लावण्याला तर रस्त्याच्या निधीची गरजच नाही. गळीत हंगामाच्या आरंभी कारखाने, परिवहन विभाग आणि पोलीस यांनी ते एकत्रित करायचे असते. रात्री दिवा नसलेली ट्रॉली मागून आदळणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसते ती अगदी शेवटच्या क्षणी. त्या क्षणाचे काही सेकंद करणारी ती पट्टी प्राधान्यक्रमाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

जाब कोणाला विचारायचा?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकारी, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम अपघातग्रस्तांसाठीच्या निधीत जाते. जीव गेल्यावर एक लाखाची मर्यादा तोकडीच आहे. तरीही दोष केवळ चालकाचा असतो, हे गृहीतक कायद्याने प्रथमच सैल केले, याची नोंद घ्यावी लागते.

त्याच अधिनियमाच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचा आधार आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलीस, सार्वजनिक बांधकाम, परिवहन, आरोग्य या विभागांचे आणि महामार्ग यंत्रणेचे अधिकारी तिच्यासमोर येतात. फाट्यावरचे दोन मालक एका टेबलाशी बसतात, ते येथेच. बाभळेश्वरच्या चौकाचा किंवा राहाता शहरातील एखाद्या वळणाचा विषय या समितीच्या इतिवृत्तात आला, म्हणजे त्याला तारीख मिळते आणि उत्तरदायी अधिकाऱ्याचे पदनाम मिळते. पुढच्या बैठकीत 'कार्यवाही काय झाली' हा रकाना भरावा लागतो.

समितीकडे जाण्यापूर्वी मात्र आकडे हाती हवेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली पोलीस ठाण्याकडे एका विशिष्ट फाट्यावरील मागील तीन वर्षांच्या अपघातांची संख्या, मृत व गंभीर जखमींची संख्या आणि नोंदलेले ठिकाण मागता येते. बांधकाम विभागाकडे तो रस्ता कोणत्या वर्गाचा आहे, अपघातप्रवण यादीत आहे का, कोणते उपाय प्रस्तावित आहेत आणि ते कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे विचारता येते. दोन कार्यालये म्हणजे दोन स्वतंत्र अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटरचा दगड लिहावा. 'आमच्या गावाजवळ' असे लिहिलेला अर्ज त्याच शिवारात हरवतो, जिथे पूर्वीचे पंचनामे हरवत असत.